घासलेल्या वाट्या

शेवटची वाटी कोरड्या फडक्याने पुसून ताहिराने मांडणीत ठेवली, दोन पावलं मागे सरकून सगळ्या ओळीवर नजर फिरवली आणि तिचं तिलाच बरं वाटलं. काय ते रूप! सकाळी ज्यांच्याकडे बघवत नव्हतं त्या काळ्याढुस्स वाट्या आता दिव्याखाली लखलखत होत्या. चिंचेच्या कोळाने तिची बोटं आंबून सुरकुतली होती, कंबर तर केव्हाच गेली होती. पण काम मनासारखं झालं की बाईमाणसाला कंबरेची आठवण राहत नाही. तेवढ्यात शटर वर गेलं आणि दुकान सांभाळणारा उदय आत आला. मांडणीकडे बघितलं आणि मटकन खाली बसला. शेजारी स्टूल होतं, तरी फरशीवरच.

"ताहिराताई," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे काय केलंत तुम्ही?"

"घासल्या," ताहिरा म्हणाली. "तुमीच म्हणालात ना, उद्या प्रदर्शन हाय, दुकान साफ करून ठेवा."

म्हणाला होता, यात खोटं काही नाही. पण साफ करायचं म्हणजे फरशी पुसायची, काचा पुसायच्या, धूळ झटकायची. दोन वर्षं ताहिरा तेच करत आली होती. दुकान होतं कुवेतच्या मिरकाब भागातल्या एका हॉटेलच्या खाली आणि माल सगळा नेपाळ-तिबेटचा. पश्मिना शाली, याकच्या लोकरीची घोंगडी, गालिचे, रंगीत पताका, हाताने फिरवायची मंत्रचक्रं आणि या वाट्या. मालक अबू नासिर पन्नाशीला हिमालयात चालायला गेला होता, तिथून एक दुखरा गुडघा आणि हे वेड घेऊन आला. कुवेतला येऊन माणसं नेपाळची आठवण विकत का घेतील, हे कोडं ताहिराला पहिल्या दिवसापासून पडलं होतं. पण घेत होती हो! विमानात काम करणाऱ्या बाया, हॉटेलात उतरलेले गोरे, सुट्टीला निघालेले शिक्षक. कुवेतची आठवण म्हणून मिळतो तो उंट, आणि तोही चीनमधून आलेला, तर मग नेपाळने काय घोडं मारलंय?

सगळ्यात जास्त मान होता वाट्यांचा. लाकडी दांडा कडेवरून फिरवला की वाटी घुमायला लागायची, गिऱ्हाईक डोळे मिटायचं. म्हणून त्यांना म्हणायचं गाणाऱ्या वाट्या. आणि जितकी वाटी काळी तितकी ती जुनी, जितकी जुनी तितका तिचा भाव वर. ताहिराला मात्र दुसरंच दिसत होतं. ही तर सरळसरळ काशाची वाटी होती. हर्णैला तिच्या माहेरी अशा वाट्या फळीवर पालथ्या असायच्या. ईद आठ दिवसांवर आली की घरातल्या बाया तांब्या-काशाची सगळी भांडी विहिरीवर काढायच्या, आणि चिंच, मीठ, नारळाचं सोडण घेऊन जी घासाघीस चालायची ती भांड्यात तोंड दिसेपर्यंत. ज्या घरात काळं भांडं, त्या घरातली सून आळशी, हा सरळ हिशेब. असल्या घरची ती मुलगी दोन वर्षं या काळ्या वाट्या बघत होती आणि मनातल्या मनात कुढत होती. विक्री बघणारी सानुमाया त्यांना हात लावू द्यायची नाही, मऊ कुंचल्याने स्वतः झटकायची. आज सानुमाया प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मांडामांड करायला गेली, उदय खोकी घेऊन गेला, दुपारचं दुकान बंद, आणि ताहिरा एकटी. मग काय विचारता. खैतानच्या घरून येताना पिशवीत चिंच होतीच, सोडण केरळवाल्याच्या दुकानात मिळालं.

उदयने तिला समजावून सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण हा सांगलीचा माणूस रागावायचाच नाही, नुसता दमल्यासारखा बोलायचा. ते काळं म्हणजे मळ नव्हता. तेच तर लोक विकत घेत होते. उद्याच्या प्रदर्शनात या वाट्या सगळ्यांत पुढे मांडायच्या होत्या, मालकाने तसं चार ठिकाणी छापून आणलं होतं. त्याने सानुमायाला फोन लावला. ती आधी खो खो हसली, मग मात्र कामाचं बोलली. तिचा मामा नेपाळातल्या पाटणमध्ये याच वाट्या ठोकायचा. ती हिंदीत म्हणाली की मामाच्या हातून निघते तेव्हा वाटी अशीच पिवळी असते, काळेपणा मागाहून चढवतात, पण त्याला भट्टी लागते, औषधं लागतात. कुवेतमध्ये एका रात्रीत ते व्हायचं नाही.

"मालकाला मी काय सांगू?" उदय म्हणाला. "तुमची नोकरी जाईल, ताहिराताई. मला नाही वाचवता येणार."

नोकरी म्हणजे पोरीची, युसराची शाळा. नवरा, मुनव्वर, राई नावाच्या भागातल्या गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा, त्याच्या पगारात घराचं भाडं आणि तिघांचं पोट भागायचं. युसराचं बारावीचं वर्ष चालायचं ते ताहिराच्या पगारावर. तो थांबला की पोरीला वर्षाच्या मध्येच हर्णैला मावशीकडे पाठवायचं, आणि पहिलीपासून कुवेतच्या शाळेत इंग्रजी बोललेली ती पोर तिथे कुठल्या वर्गात बसणार होती, कुणास ठाऊक.

संध्याकाळी घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा मुनव्वर हातातला घास तसाच धरून बसला.

"अगो, पण तुला कोणी सांगितलान घासायला?"

"कोणी नाय सांगितलान. माझी मीच."

आतल्या खोलीतून युसरा म्हणाली, "मम्मा, इट्स पॅटिना. यू डोन्ट वॉश पॅटिना." ते काय असतं ते विचारायचं ताहिराला धाडस झालं नाही. मुनव्वरने मग तिचे आंबलेले हात बघितले, उठून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली आणि म्हणाला, उद्या पर्समध्ये ठेव, बोटं फुटतील. त्याला याहून जास्त समजूत घालता येत नसे. ताहिराला रडूच आलं, पण तिने ते कांद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवासाचं प्रदर्शन होतं ते, उन्हाळ्यात कुठे जायचं हे ठरवायला अख्खं कुवेत लोटलं होतं. प्रवासी कंपन्यांचे कागद, फुगे, फुकटची कॉफी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत कडक फरशी. त्यांच्या स्टॉलवर वाट्या पुढेच होत्या, दुसरं करणार काय? लोक यायचे, एखादी वाटी उचलायचे, हे भाजी वाढायचं भांडं का असं विचारायचे आणि ठेवून द्यायचे. एका गोऱ्या बाईने विचारलं, नवीन आहे का? सानुमायाने खरं ते सांगितलं, की हाताने ठोकलेली आहे. बाई गोड हसली आणि पताका घेऊन गेली.

दुपारी अबू नासिर आला. त्याने एक वाटी उचलली, उलटीसुलटी केली, ठेवली. ओरडला नाही. उदयला जरा बाजूला घेऊन अरबीत दोन वाक्यं बोलला आणि निघून गेला. ताहिरा पाणी घेऊन मागेच उभी होती. अरबी तिला फार येत नसे, पण प्रदर्शन झालं की हिला सोडून द्या, एवढं कळण्याइतकी येत होती. उदयने तिच्याकडे बघितलं नाही. ती समजली.

सकाळपासून ती उभी होती. स्टॉलच्या मागच्या बाजूला विक्रीचे गालिचे गुंडाळून ठेवले होते, त्यातल्या एकावर ती जाऊन बसली आणि बूट काढले. तळपायांची नुसती आग होत होती. डोळ्यांपुढे युसरा, तिची बॅग, विमानतळ. जायचंच आहे तर आता भ्यायचं कुणाला? तिने हात लांब करून एक वाटी घेतली, पर्समधलं खोबरेल तळपायाला लावलं आणि वाटीचं बूड टाचेपासून बोटांकडे ओढायला लागली. माहेरी आई अशीच घासायची, दिवसभर मासळी सुकवून आल्यावर. म्हणायची, अंगातली उष्णता काशात उतरते. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्राला माहीत. ताहिराला दहा वेळा घासल्यावर जिवात जीव आल्यासारखं झालं.

"अगं बाई, काशाची वाटी?" कुणीतरी मराठीत म्हणालं.

स्टॉलच्या कापडी कनातीच्या फटीतून एक बाई आत डोकावत होती. नाव प्रभा, सरकारी हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून तशीच बहिणीबरोबर फिरायला आली होती. ताहिरा गडबडून पाय झाकायला लागली तर प्रभा तिच्या शेजारी बसलीसुद्धा. म्हणाली, जरा इकडे द्या हो तेल, मेले मी. तिने दुसरी वाटी घेतली आणि स्वतःच्या पायाला लावली. दोघी शेजारी शेजारी बसून घासायला लागल्या, तळपाय काळे झाले, वाट्यांची बुडं काळी झाली, आणि प्रभा एकदम हसायला लागली. इतकं काळं आत साठलं होतं का म्हणाली, तरीच वॉर्डात माझा पारा चढतो. मग तिने बहिणीला हाक मारली. बहिणीने दोन मल्याळी मैत्रिणींना आणलं. हसण्याचा आवाज बाहेर गेला तशा काळ्या अबायातल्या दोन कुवेती बाया वाकून बघायला लागल्या, आणि त्यांच्यामागे आणखी दोघी. पण बूट काढायचे तर फटीतून पुरुषांची येजा दिसत होती.

हे ताहिराला सांगावं लागलं नाही. ती उठली, याकच्या लोकरीची घोंगडी ओढली, कनातीच्या दोरीवर टाकली. सानुमाया शहाणी, तिने लगेच दुसरं टोक धरलं. पश्मिना शाली फटींवर आल्या, गुंडाळलेले गालिचे पसरले. स्टॉलचा मागचा अर्धा भाग झाला बायकांचा, आणि पुरुष बाहेर. आत जी बाई येईल तिच्या हातात ताहिरा वाटी द्यायची, तळव्यावर थेंबभर तेल, आणि कसं धरायचं ते स्वतःच्या पायावर दाखवायची. आई मुलीचा पाय घेऊन बसली, मैत्रीण मैत्रिणीचा. ज्या आत शिरताना दमलेल्या दिसत होत्या त्या बाहेर निघताना वाटी छातीशी धरून निघत होत्या. एकीने तर दोन घेतल्या, एक सासूला. काळी का पिवळी, कुणी विचारलं नाही.

उदय बाहेर कागदात बांधून देता देता घामाघूम झाला होता. त्याचा आवाज पार बदलला होता. मध्येच घोंगडीआडून म्हणाला, ताहिराताई, माझी आजीसुद्धा घासायची हो, मला कसं नाही सुचलं? ताहिरा म्हणाली, तुमचे पाय दुखत नसतील.

आणि मग आली उम्म फवाज, अबू नासिरची मोठी बहीण. ही बाई दर वर्षी चाळीसेक कुवेती बायांना घेऊन परदेश फिरायला जायची, आणि अबू नासिर जगात फक्त हिला भ्यायचा. आत एकच खुर्ची होती, तिच्यावर ती बसली. बरोबर तिची मुलगी, लांब नखांची, फोनवर बोलत असलेली. उम्म फवाजने एक बूट काढला आणि ताहिराकडे न बघताच पाय पुढे केला. घास.

आतल्या बायांचे हात थांबले. घोंगडीच्या पलीकडून उदयची कुजबुज आली, मराठीत, म्हणजे कुणाला कळायला नको.

"ताहिराताई, या बाईचं ते ऐकतात. एवढा पाय चोळा. नोकरी वाचेल तुमची."

ताहिराने वाटी उचलली. पाय चोळण्यात तिला कमीपणा कधी वाटला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे पाय तिने वर्षभर चोळले होते. मुनव्वर उन्हात गाड्यांखाली झोपून आला की त्याचे चोळायची. युसरा तान्ही होती तेव्हा तर वाटीचं बूड तिच्या अख्ख्या पावलापेक्षा मोठं होतं. पण ती सगळी तिची माणसं होती. काशाची वाटी घरातल्याने घरातल्याला लावायची असते, तिथेच तर थंडावा असतो. आज पोरीच्या शाळेसाठी हिच्यापुढे वाकलं तर उद्या दुकानात रोज वाकायचं, आणि मग ती वाटी राहणार नाही, मजुरी होईल. युसराचं वर्ष डोळ्यांपुढे होतं आणि हात तेलाने निसरडा झाला होता.

तिने वाटी उम्म फवाजच्या मुलीपुढे धरली.

"ही तुझी आई आहे," ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "तू घास. माझ्या हाताने तिला तेवढं बरं वाटणार नाही."

मुलीने फोन कानावरून खाली घेतला आणि आईकडे बघितलं. उम्म फवाजने तेव्हा पहिल्यांदा ताहिराकडे बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. बाहेर उदयने हाय खाल्ली असणार, कारण टेप फाडायचा आवाज बंद पडला. मग म्हातारीने पाय ताहिरापुढून काढला आणि हळूच मुलीकडे वळवला.

मुलगी फोन ठेवून गालिच्यावर बसली. ताहिराने तिच्या तळव्यावर तेल ओतलं आणि तिचा हात धरून दाखवलं, टाचेपासून वर, घाई नाही, सगळा भार मनगटावर. पहिल्यांदा वाटी घसरली. दुसऱ्यांदा नीट चालली. जरा वेळाने उम्म फवाजने डोळे मिटले. म्हणाली, या पोरीने लहानपणी माझ्या पायावर झोपून झोके घेतलेत, त्यानंतर हिने माझ्या पायाला हात लावलेला मला आठवत नाही. मुलीने दुसरा बूट आपणहून काढला. कोपऱ्यातल्या प्रभाने ओढणी डोळ्यांना लावली आणि बहिणीला म्हणाली, आईला आज फोन करू गं.

उम्म फवाजने डोळे न उघडताच भावाला हाक मारली. तो बाहेर कुठेतरी होताच, धावत आला आणि घोंगडीपाशी थांबला, कारण आत त्याला परवानगी नव्हती. तिने आतून त्याला सांगितलं की माझ्याबरोबर येणाऱ्या सगळ्या बायांना प्रवासाची भेट म्हणून या वाट्या द्यायच्या, उरल्यासुरल्या सगळ्या ठेव, कमी पडल्या तर नेपाळहून मागव, आणि याच रंगाच्या. काळं काही पाठवू नकोस. आणि ही बाई तुझ्याकडे काय काम करते?

बाहेरून अबू नासिर म्हणाला की ती चहा करते, फरशी पुसते.

"उद्यापासून ती पुढे उभी राहील," उम्म फवाज म्हणाली. "आणि प्रत्येक बाईला शिकवेल. स्वतः कुणाचा पाय धरणार नाही."

"इन्शाल्ला," अबू नासिर म्हणाला.

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

"हो," तो म्हणाला.

आत एकच हशा पिकला. सानुमायाने ताहिराला कडकडून मिठी मारली, ताहिराच्या हातचं तेल आपल्या नव्या ब्लाउजला लागलं तरी सोडलं नाही. ताहिराच्या ओठांना हसू आवरेना आणि डोळ्यांना पाणी. युसराचं वर्ष वाचलं होतं. आता बारावी, मग पुढचं पुढे, पोरगी इंग्रजीत काय हवं ते बोलू दे. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता राईत फोन लावावा आणि मुनव्वरला सांगावं की तुझी बायको उद्यापासून पुढे उभी राहणार आहे. पण हातात दुसऱ्या एका बाईला द्यायची वाटी होती. ती आधी दिली.

थोड्या वेळाने तिचं खुर्चीकडे लक्ष गेलं. उम्म फवाज झोपली होती. मान एका बाजूला कलली होती आणि तिची दोन्ही पावलं मुलीच्या मांडीवर होती. फोन गालिच्यावर उजळत होता, विझत होता, मुलगी तो उचलत नव्हती. तिने ताहिराकडे बघून विचारलं, थांबू का? ताहिराने मान हलवली. थांबू नकोस.

बाहेर बायांची रांग वाढली होती. उदयने घोंगडीआडून विचारलं, पुढच्यांना सोडू का? त्याच गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, दोरीची गाठ सुटली आणि घोंगडीचा एक कोपरा खाली यायला लागला. बाहेरून कुणीतरी तो झटकन वर धरला. कडक इस्त्रीची पांढरी बाही, त्यातून आलेला एक जाडजूड हात. अबू नासिर होता तो. तोंड पलीकडे फिरवून, पाठ आतल्या बायांकडे करून, दुखऱ्या गुडघ्यावर भार सांभाळत तो घोंगडी धरून उभा होता.

घोंगडी सोडू का, त्याने न वळता विचारलं.

ताहिरा जवळ गेली. आत तुमचं माणूस झोपलंय, ती हळूच म्हणाली. जरा धरून राहा.

आणि तो धरून राहिला.